विकतचा सुंभ, घरचा सुंभ: एका पावसाळ्याचा अनुभव

मिरवेली पोफळींना बांधायला यंदा दोन्ही सुंभ वापरले. एक दुकानातला, यंत्रावर वळलेला. दुसरा आमच्याच बाणवली (उंच जातीच्या) माडांच्या सोडणांचा, म्हणजे नारळावरच्या तंतुमय सालींचा, शेजारच्या काकींनी हाताने वळलेला. मे महिन्यात विचारलं असतंत तर विकतचाच घ्या म्हटलं असतं. जाडी एकसारखी, गुंडी गुंतत नाही, हाताला टोचत नाही.

पाऊस लागला आणि मत पार बदललं. पन्नियूर जातीच्या मिरीच्या वेली एकामागून एक लोंबायला लागल्या. गाठी शाबूत होत्या, मधला सुंभच उसवला होता. दोन बोटांत धरून हलकेच ओढला; एकही धागा तुटला नाही, सगळे एकमेकांवरून घसरून बाहेर आले. धागा आखूड आणि पीळ ढिला. दुकानदार म्हणतो, पावसात काथ्या असाच होणार. साफ चूक! काथ्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) भरपूर असतं, तो खाऱ्या पाण्यातही टिकतो. गलबतांवर काथ्याचे दोर असायचे. खोट पिळात आहे. काकी दोन पेड (धाग्यांच्या पिळलेल्या सरी) एकाच दिशेने पिळतात आणि मग एकमेकांवर उलट दिशेने वळतात. त्यामुळे पेड सुटू पाहतात तेव्हा त्यांचं एकमेकांवरचं वळण उलट आवळतं. त्यांची एकही गाठ की वळण सैल झालं नाही.

खटाटोप मात्र मोठा आहे. दहा-अकरा महिन्यांच्या नारळाचं हिरवट सोडण हवं, शहाळ्याचा धागा कोवळा पडतो. खाडीच्या चिखलात ते सहा ते दहा महिने दाबून ठेवायचं, मग मोगरीने बडवायचं. वास तर विचारू नका. काकींची मजुरी धरली तर घरचा सुंभ महागच पडतो. पण भर पावसात गडी लावून वेली पुन्हा बांधून घेतल्या, तो खर्च त्याहून जास्त झाला.

नायलॉन सुचवू नका. वेल जाड होते तशी ती दोरी तिला कापते. सुंभ कुजेपर्यंत वेलीच्या पेरांची मुळं खोडाला घट्ट धरतात, बांधायला एवढंच टिकाऊपण पुरतं.

टी बाय डी हा संकरित माड चार-पाच वर्षांत धरतो हे मान्य, तरी सोडणांसाठी मोकळ्या जागेत मी बाणवलीच लावतोय, साडेसात मीटरवर. विकतच घ्यावा लागला तर दुकानातच टोक उलगडून बघा. धागा बोटभरच निघाला तर गुंडी परत ठेवा.