अण्णांच्या फिस्टुलाला औषधवाला बलून केला, ११ महिन्यांनंतर लिहितेय

मी डॉक्टर नाही, सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणारी सून आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू वेटिंग रूमच्या खुर्चीवरून लिहिलाय असं समजा.

अण्णांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातली धमनी शिरेला जोडून केलेली जागा, डाव्या हाताला, कोपराजवळ. २०२४ च्या दिवाळीनंतर मशीनचा व्हीनस प्रेशरचा (शरीरात परत जाणाऱ्या रक्ताच्या दाबाचा) अलार्म सारखा वाजायला लागला, सुया काढल्यावर रक्त थांबायला वीस वीस मिनिटं, आणि हातावर बोटं ठेवली की जी घरघर लागते ना, थ्रिल म्हणतात ती, ती जाऊन नुसतं ठक ठक लागायला लागलं. आम्ही आपलं वयामुळे असेल म्हणून सोडून देत होतो. टेक्निशियन पोरगाच म्हणाला, ताई डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी) करा, पुढे शीर अरुंद झालीय. खरंच झाली होती. तो बोलला नसता तर फिस्टुला एक दिवस गपकन बंद पडला असता आणि अण्णांच्या मानेत डायलिसिससाठी परत नळी आली असती.

तेव्हा साधा बलून केला, म्हणजे शिरेत बारीक फुगा घालून, तो फुगवून अरुंद जागा मोकळी केली. मस्त चालला, चार महिने. एप्रिलमध्ये परत तेच, त्याच जागी. तेव्हा डॉक्टर म्हणाले या वेळी औषधवाला वापरू.

मला जेवढं समजलं ते असं. शीर बिचारी कमी दाबाची सवय असलेली, तिला धमनी जोडली की जोरात रक्त येतं आणि आतून पेशींचा थर वाढत जातो. बलूनने तो थर दाबला की शिरेला आतून जखम होते, आणि जखम भरताना परत थर वाढतो. म्हणून बलूनवर पॅक्लिटॅक्सेल लावलेलं असतं, ते ही वाढ रोखतं. हे कॅन्सरचं औषध आहे हे नर्सने अण्णांसमोरच सांगितलं, मग काय, दोन दिवस घरात "मला खरं सांगा, काय झालंय मला" चालू होतं 😅 शेवटी डॉक्टरांनीच समजावलं की डोस अगदी थोडा असतो, केमो नव्हे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, अरुंद झालेली शीर उघडायचं काम औषधवाला बलून करत नाही. आधी साधा हाय प्रेशर बलून फुगवतात, दुखतं ते तेव्हाच (अण्णा एकदा मोठ्याने ओरडले, बाहेर मला ऐकू आलं), आणि जागा नीट मोकळी झाली की मग औषधवाला घालून साधारण तीन मिनिटं तसाच धरतात, औषध भिंतीला लागायला. पहिल्याने नीट उघडलंच नाही तर दुसऱ्याचे पैसे वाया. भूल फक्त जागेवरची, संध्याकाळी घरी आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातावर डायलिसिस.

फायदा होतो का, तर मी पण शोधलं. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या मेडिकल मासिकात ३३० पेशंटचा अभ्यास आला, त्यात सहा महिन्यांनी औषधवाल्या गटात ८२ टक्क्यांची जागा मोकळी होती आणि साध्यात साधारण ५९ टक्के. वाचून आम्ही खूश. मग दीर म्हणाला हे पण वाच, ब्रिटनमधला २१२ पेशंटचा अभ्यास, त्यात काहीच फरक दिसला नाही! २०१८ च्या शेवटी पायाच्या धमन्यांसाठी वापरलेल्या याच औषधाच्या बलूनमुळे मृत्यू वाढतात का अशी ओरड झाली होती, ते वाचून तर माझे हातपाय गार पडले, पण २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सांगितलं की नवी माहिती बघता तसं दिसत नाही. तरी आम्ही केलं, कारण दर चार महिन्यांनी तोच खेळ अण्णांना झेपला नसता.

आता तक्रार. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण बलूनची किंमत आदल्या संध्याकाळी सांगितली, तीही काउंटरवर, साध्यापेक्षा बरीच जास्त, आणि बिलात कंपनीचं नाव नाही, नुसतं "बलून". मी हट्टाने डब्यावरचं स्टिकर मागितलं, तोंडं वाकडी केली पण दिलं. तुम्ही पण मागा, लॉट नंबर असतो त्यावर, फाइलला चिकटवून ठेवा. डॉक्टरांबद्दल काही तक्रार नाही, माणूस चांगला, फक्त बोलतो इतकं भरभर की अर्धं मला गाडीत बसल्यावर कळलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा पैशाच्या लपवाछपवीचा कापला, आणि एक यासाठी की हा काही कायमचा इलाज नाही आणि ते आम्हाला आधी कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. पण चारचे अकरा महिने झाले, हे पण खरं. अण्णा रोज सकाळी चहाच्या आधी हात कानाला लावून आवाज ऐकतात आणि "गाडी चालू आहे" म्हणतात. परवा मात्र अलार्म दोनदा वाजला. मंगळवारी डॉप्लर आहे, झालं की खाली लिहिते.