उन्हानं खाल्लेलं पॅराशूट ‘एका सीझनचं’ म्हणून गळ्यात मारलं

गेल्या ऑक्टोबरात, सीझनच्या तोंडावर, मी पॅरासेलिंगसाठी, म्हणजे बोटीनं ओढून माणसाला हवेत फिरवायला, एक सेकंडहँड पॅराशूट 65 हजारांना घेतलं आणि पुरता फसलो. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्या कापडाखाली आम्ही कुणाच्या तरी पोराला बांधून वर सोडणार होतो, हे आठवलं की अजून झोप उडते. तारकर्ली-देवबागपासून दापोलीच्या मुरुडपर्यंत असा जुना माल या हातातून त्या हातात फिरत असतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

विकणारा ओळखीतून आला होता. ‘एकच सीझन वापरलंय, मग गोडाऊनमध्ये बांधून ठेवलं होतं,’ असं त्यानं सांगितलं. टेम्पोतून माल आणून आमच्या खळ्यात पसरला. कापड कुरकुरीत, हात फिरवला की करकर वाजायचं. रंग नारिंगी, जरा फिकट. विचारलं तर म्हणाला, कंपनीची शेडच अशी. मग त्यानं तांब्याभर पाणी वर ओतलं. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी टपाटप खाली गेलं. ‘जुन्या कापडावरून पाणी असं घरंगळत नाही होय!’ तो म्हणाला. मी आणि माझा भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो, आणि संध्याकाळी पैसे दिले. बिल मागितलं नाही. ही माझी चूक.

दोन दिवसांनी शेजारचे काका आले. त्यांचं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्यात गेलंय. कापडाकडे त्यांनी नीट बघितलंही नाही, थेट वरच्या बाजूची शिवण धरली आणि दोऱ्यावर नख घासलं. दोऱ्याचा पांढरट भुगा नखाला लागला. दुसरा टाका नखानं उचलला, तो आवाजही न करता तुटला. काका म्हणाले, ‘रे, ह्या कापाड उन्हान खाल्ल्यान.’ नायलॉनची जाळी वाळली की ते लगेच झाकून का ठेवतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही लेबल बघितलं. नवं लेबल छोटं होतं. त्याच्या भोवती सुईच्या जुन्या भोकांचा मोठा चौकोन होता आणि त्या चौकोनातलं कापड गडद, जवळजवळ लाल! म्हणजे मूळ रंग तो. जिथे मोठ्या लेबलाची सावली होती तेवढाच वाचला, बाकीचं सगळं विटून नारिंगी झालेलं. काठाची दुमड दोन टाके उसवून बघितली, आतही तोच लाल. एका सीझनमध्ये एवढा फरक पडेल, हे मला पटत नाही.

पॅराशूटचं कापड बहुतेक नायलॉनचं असतं. पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतं, पण नायलॉन ताणलं जातं, झटका सोसतं, म्हणून इथे तेच वापरतात. उन्हातले अतिनील किरण नायलॉनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. तुटलेली साखळी धुऊन, स्प्रे मारून परत जोडली जात नाही. ढगाळ दिवशीही हे किरण येतात, कोरडी वाळू त्यातले 15 टक्क्यांच्या आसपास परत वर फेकते. खरं नुकसान फेऱ्यांत कमी आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पॅराशूट डेकवर, वाळूवर पसरून ठेवतो त्यात जास्त होतं. दिवसाच्या त्या तासांचा हिशोब कोणी ठेवत नाही.

आणि तो पाण्याचा खेळ! पाणी घरंगळतं ते वरच्या लेपामुळे. बाजारात वॉटरप्रूफिंगचे स्प्रे मिळतात, तसलाच मारला असणार. लेप ताजा असला म्हणून आतला धागा ताजा ठरत नाही. आवाज, चमक, पाणी यातलं काहीच ताकद सांगत नाही.

ताकद बघायची तर फाडूनच बघावं लागतं. रिपस्टॉप कापडात बारीक चौकड्या असतात, त्यांच्या रेघेवर जाड धागा असतो. काठाजवळच्या निकामी कोपऱ्यात छोटी कात्री मारून दोन्ही हातांनी ओढलं तर चांगल्या कापडात फाट त्या जाड धाग्याशी अडते. आमच्या कापडात फाट वर्तमानपत्रासारखी सरळ चालत गेली. पाच-सहा चौकड्या ओलांडून मीच हात थांबवला. पॅराग्लायडर तपासणारे लोक बेट्सोमीटर वापरतात: कापडात सुई टोचायची, स्प्रिंगच्या काट्यानं ओढायची आणि किती ग्रॅमला भोक वाढतं ते बघायचं. तसं तपासणारं कोणी जवळपास असेल तर पैसे देऊन तपासून घ्या. कापडाबरोबर दोऱ्या आणि माणसाला बांधायच्या हार्नेसचे पट्टेही बघा, तेही नायलॉनचेच असू शकतात. जो विकणारा कोपरा कापू देत नाही, शिवण उसवू देत नाही, त्याला तिथूनच परत पाठवा.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी ‘बघतो’, मग नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोललो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा सहसा लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात घेतली असेल तर 2019 च्या कायद्यात सवलत आहे. बिल नसल्यानं माझं तिथेच अडलं. पोलिसांत अर्ज दिलाय, त्यात व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आणि बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद जोडली आहे.

पॅराशूट अजून घरात आहे. दोघांनी फोन करून विचारलं, निम्म्या किमतीत देतोस का? पुरावा म्हणून लेबलाचा आणि फाडलेला भाग वेगळा ठेवून बाकी सगळं मी आणि भावानं कात्रीनं हातभर लांबीचे तुकडे करून टाकलंय.