रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ इलेक्ट्रिक गाडी: 19 महिने, 28,400 किलोमीटर आणि सगळी बिलं

2024 च्या गुढीपाडव्याला गाडी दारात आली. तेव्हापासून गावात जो भेटेल त्याचा एकच प्रश्न, "बॅटरी गेली तर किती लाख?" बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे आणि आजवर तिच्यापायी एक रुपया गेलेला नाही. पैसे गेले ते भलतीकडेच. वेळ गेला तो कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटात.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडी दुसरी घेतली असती तरी यातलं निम्मं तसंच झालं असतं.

पहिलं दुखणं महिनाभरातच निघालं. मे महिना, कलमांवर शेवटचा आंबा, आणि रात्री गाडीला लावलेला चार्जर लाल दिवा दाखवून गप्प. फोनवर सांगितलं गेलं, चार्जर बिघडला असणार, नवा घ्यावा लागेल, वॉरंटीत बसतो का बघू. आमचा वायरमन संध्याकाळी सहज डोकावला. त्याने होल्डरला शंभर वॅटचा बल्ब लावला, एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला धरली. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर. "दादा, चार्जर काय करील? अर्थिंगच नाही तुमच्याकडे." मग घराच्या मागे अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळाने तोच बल्ब चांगला उजळला आणि चार्जरही सुरू झाला.

आपली घरं जांभ्यावर. उन्हाळ्यात कातळ पार सुकतो, वीज जमिनीत उतरत नाही. पंखा, फ्रिज, टीव्ही याची कधी तक्रार करत नाहीत म्हणून तीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ती पटली नाही तर चालूच होत नाही. नवा खोल खड्डा, पाइप, कोळसा, मीठ आणि वर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), सगळं मिळून 7,500 रुपये. गाडी घेणाऱ्याने बुकिंगच्या आधी हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. शोरूममध्ये हे कुणी बोलत नाही, त्यांना बहुतेक ठाऊकही नसतं.

दुसरं प्रकरण उंदरांचं. भातकापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात हे आपल्याला माहीत आहेच. डिझेल गाडीचं बॉनेट रोज तापायचं. या गाडीत तसली धग नाही, त्यामुळे मंडळी थाटात राहिली. दिवाळीनंतर फास्ट चार्जिंग बंद पडलं. वर्कशॉपमध्ये बॉनेट उघडलं तर मोटरवर करवंटीचे तुकडे आणि एक बारीक काळी वायर कुरतडलेली. जाड नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या, त्यांना सुदैवाने दात लागले नव्हते. तरी अंदाजपत्रक आलं 38,000 रुपयांचं. कारण काय, तर धोरणानुसार तुटलेली वायर जोडायची नाही, अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगाच, बदलायचं. तासभर घासाघीस केली. शेवटी तिथल्या सुपरवायझरनेच "तुमच्या जबाबदारीवर" असं लिहून घेतलं आणि ती वायर जोडून, वर स्लीव्ह चढवून दिली. बिल 1,450. आज वर्ष झालं, काही झालेलं नाही. नारिंगी वायर असती तर मी असला हट्ट धरला नसता. हल्ली बॉनेटखाली तंबाखूची पानं पुरचुंडीत बांधून ठेवतो, महिन्याला बदलतो. गाडीत बसल्यावर थोडा वास येतो. बायको म्हणते, सासऱ्यांची आठवण येते.

आता मोठी गोष्ट. कंपनीचं वर्कशॉप रत्नागिरीत आहे, पण हाय व्होल्टेजच्या कामाचा प्रशिक्षित माणूस कोल्हापूरला. गेल्या जूनमध्ये ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे घरच्या विजेवर बॅटरी भरणारा गाडीतलाच भाग, गेला. घरी चार्ज होईना, फास्ट चार्जिंग तेवढं चालू. म्हणजे रत्नागिरीला जाऊन गाडी भरायची आणि साखरप्यावरून घाट चढायचा. धुकं एवढं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. गाडी दिली, एसटीने परत आलो. पार्ट यायला दिवस लागले, सतराव्या दिवशी फोन आला. पुन्हा एसटी, पुन्हा कोल्हापूर. बिलावर आकडा होता शून्य रुपये शून्य पैसे, आणि काउंटरवरच्या मुलीने फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्यायची विनंती केली. त्या सतरा दिवसांत भावाची डिझेल गाडी, रिक्षा, एसटी आणि एक रात्र लॉजवर धरून माझे जवळपास 9,000 गेले. तिला मी सात दिले. ते तिचे, पार्ट पाठवणाऱ्यांचे नव्हेत. एक खरं, परतताना घाट उतरताना गाडीने स्वतःच थोडी बॅटरी भरून घेतली. तेवढंच समाधान.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी ठार मेली. दरवाजासुद्धा किल्लीने उघडावा लागला. मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली, पण तिला जागं करणारी 12 व्होल्टची साधी बॅटरी मेली होती. या गाड्यांतही ती असते आणि ती गेली की बाकी सगळं असून नसल्यासारखं. मदतीच्या नंबरवर फोन केला तर गाडी ओढत नेता येत नाही, फ्लॅटबेडच लागेल, आणि फ्लॅटबेड हायवेवर मुंबईकरांच्या गाड्या उचलण्यात अडकलेला. सहा तास म्हणाले. वाडीतल्या टेम्पोवाल्याने केबल लावून पाच मिनिटांत चालू करून दिली, चहासुद्धा घेतला नाही, त्याला मूर्ती आणायला जायचं होतं. नवी 12 व्होल्ट 6,200 रुपये. आता दीड वर्ष झालं की ती तपासून घ्या, कुणी सांगायची वाट बघू नका.

ब्रेकचं उलटं आहे. गाडी वेग कमी करताना मोटरच जोर लावते, त्यामुळे ब्रेक पॅड जवळजवळ नवे आहेत. पण न वापरल्यामुळेच खारं वारं त्यांना खातं. चार दिवस गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर येतो आणि पहिल्या वळणावर करकर आवाज. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम झाल्या होत्या, सफाई आणि ग्रीस 1,800. आता मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून मुद्दाम कचकन ब्रेक मारतो, मागे कुणी नाही हे बघून.

टायर मात्र लवकर झिजले. गाडी वजनदार, त्यात पायाखाली जोर भरपूर, आणि आपले रस्ते. पुढचे दोन 26,000 किलोमीटरला बदलले, 17,600 रुपये. नेहमीच्या तीन सर्व्हिसिंगचे मिळून 8,400. ऑइल नाही, फिल्टर म्हणजे एसीचा तेवढा. सगळं जोडलं, अर्थिंगसकट, तर 42,950 होतात. कोल्हापूरचे 9,000 वेगळे, कारण त्याची पावती कोण देणार?

पावसाचं विचारतात म्हणून सांगतो. बॅटरीच्या पेटीला पाण्यापासून बचावाचं आयपी 67 मानांकन आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. चिपळूणने 22 जुलै 2021 च्या महापुरात जे पाहिलं त्यापुढे हा आकडा काहीच नाही. त्यामुळे विम्यात झिरो डेप (भरपाई देताना पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) आणि बॅटरीचं वेगळं कव्हर मी दरवर्षी घेतो, तिथे काटकसर नाही.

शेजारच्या काकांनी गेल्या महिन्यात हीच गाडी बुक केली. डिलिव्हरी डिसेंबरात आहे. अर्थिंगचा खड्डा आताच खणून झालाय, आणि काकू तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या तिकडे ओततात.