नेरूळच्या जुन्या घरातील नवे वायरिंग : एका ठेकेदाराच्या कामाबद्दल अभिप्राय

नेरूळमधील आमच्या सिडकोच्या जुन्या घरातले संपूर्ण वायरिंग, सर्व स्विचबोर्ड आणि प्लग पॉइंट आम्ही गेल्या हिवाळ्यात एका परवानाधारक ठेकेदाराकडून नव्याने करून घेतले. मोजक्या माणसांनिशी काम करणारा हा गृहस्थ जाहिरात करत नाही आणि आपले नाव कुठे लिहू नये, असे त्याने स्वतःच सुचवले. त्यामुळे येथे नाव न देता केवळ कामाविषयी लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगते : भिंतीच्या आतले काम उत्तम, बाहेरचा नीटनेटकेपणा बेताचा, आणि कागदपत्रे मागितल्याशिवाय हाती पडत नाहीत.

ही घरे बांधली गेली तेव्हा प्रत्येक खोलीत एक ट्यूबलाइट, एक पंखा आणि एक लहान प्लग एवढेच धरलेले होते. त्याच तारांवर पुढे गिझर, मायक्रोवेव्ह, वातानुकूलन यंत्र आणि इंडक्शन शेगडी येऊन बसली. ६ अँपियरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉटचे उपकरण चालवता येते, आणि २,००० वॉटची शेगडी जवळजवळ ८.७ अँपियर घेते. तरीही मोठ्या पिनेचा प्लग लहान सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्टर कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात सहज मिळतो, आणि आमच्याही ओट्याजवळ असाच एक लावलेला होता. त्याच्यामागचे सॉकेट तपकिरी पडले होते व त्याच्या वायरचे आवरण बोट लावताच भुगा होऊन गळत होते. खाडीकडच्या दमट हवेत आणि पावसाळ्यातल्या ओलीमुळे टर्मिनलचे स्क्रूही हिरवट झाले होते.

या ठेकेदाराआधी आलेल्यांनी दारात उभे राहूनच पॉइंटमागे किती पैसे ते सांगितले. याने दर सांगण्यापूर्वी मीटर-खोली पाहिली, दोन बोर्ड उघडले, घरात कोणती उपकरणे एकाच वेळी चालतात ते विचारले आणि वहीत लिहून घेतले. दिवे व पंखे यांना १.५ चौरस मिलिमीटरची तार व १० अँपियरची एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारी कळ), स्वयंपाकघरातील १६ अँपियरच्या सॉकेटना २.५ ची तार व १६ अँपियरची एमसीबी, वातानुकूलन यंत्र व गिझर यांना ४ ची तार व प्रत्येकी स्वतंत्र २० अँपियरची एमसीबी, अशी मांडणी त्याने त्याच बैठकीत आखली. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी मोठी बसवून देणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. एमसीबी बसवायची ती तारेच्या कुवतीला बेतून, कारण मोठी एमसीबी शांत राहते आणि भिंतीतली तार तापत जाते, हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले.

परवाना पाहून घ्यावा असे मी आवर्जून म्हणेन. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच यांची जशीच्या तशी बदली घरच्या घरी करण्यास विद्युत सुरक्षा नियमांनी वाव ठेवलेला आहे. मात्र नवा पॉइंट काढणे, जोडणी वाढवणे वा मांडणी बदलणे हे काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवे. याने परवान्याची प्रत दाखवली, तीही मागितल्यावरच.

प्रत्यक्ष कामाची पद्धत मला सर्वांत आवडली. मीटर-खोलीतील आमचा मेन स्विच बंद करून त्यावर कुलूप व ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावल्याशिवाय त्याच्या माणसांनी एकाही बोर्डाला हात लावला नाही. टेस्टरही आधी चालू सॉकेटवर तपासला, मग बंद केलेल्या तारांवर लावला, आणि त्यानंतर पुन्हा चालू जागी लावून पाहिला. नुसता निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे धरता येत नाही, म्हणून मल्टिमीटरनेही खात्री केली. तीन पदरी तपासणीला वेळ लागतो आणि घरच्यांना ती रेंगाळ वाटते, पण घाईत काम उरकणाऱ्या माणसाला मी तरी पुन्हा बोलावणार नाही.

जुने बोर्ड उघडल्यावर जे दिसले ते पाहण्यासारखे होते. दोन दिव्यांचे स्विच फेजवर (वीज घेऊन येणाऱ्या तारेवर) नव्हते, न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) होते; म्हणजे बटण बंद केल्यावर दिवा विझे, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राही, आणि बल्ब बदलणाऱ्याला त्याची कल्पनाही नसे. एका सॉकेटात फेज आणि न्यूट्रल उलटसुलट होते. समोरून पाहता वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल, हा आपल्याकडचा क्रम आहे. अर्थिंगची पिन लांब व जाड ठेवलेली असते, कारण प्लग खुपसताना ती सर्वांत आधी टेकावी व काढताना सर्वांत शेवटी सुटावी. आमच्या निम्म्या बोर्डांत ते मोठे छिद्र होते, पण त्यामागे तारच नव्हती.

नव्या जोडणीत तांब्याच्या तारांचे पीळ नीट घट्ट केलेले होते, स्क्रूखाली आवरण दाबले गेलेले नव्हते आणि टर्मिनलबाहेर उघडे तांबे दिसत नव्हते. पेटीत थोडी जास्तीची तार राखली होती, म्हणजे पुढे कधी स्विच बदलायचा झाल्यास तार आखूड पडू नये. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहिल्यावरच प्लेट बसवली गेली. “काकू, बंद करण्याआधी बघून घ्या, नंतर मला पण दिसणार नाही,” असे त्याच्याकडे काम करणारा मुलगा प्रत्येक बोर्डाशी म्हणत होता. लोकांनी या वाक्याचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते. प्लेट चढली की चांगले काम आणि वाईट काम सारखेच दिसते.

या ठेकेदाराची खरी पारख आरसीसीबी बसवल्यावर झाली. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून तारेला वाचवते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत फरक पडला, की क्षणार्धात ती पुरवठा तोडते, आणि घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपियरची घ्यावी लागते. फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम हाताला लागल्यास मात्र तिला फरक दिसत नाही, आणि एमसीबीचे कामही ती करत नाही. म्हणून दोन्ही हव्यात. आमच्याकडे नव्या बोर्डांवर ती व्यवस्थित टिकली, पण न्हाणीघराचा दिवा लावला की लगेच पडे. हा दिवा जुन्या तारेवरच ठेवायचा, कारण तिथल्या फरशा फोडायच्या नव्हत्या, असे आधी ठरले होते. अनेक वायरमन अशा वेळी ‘ही फार नाजूक असते’ असे म्हणून आरसीसीबी काढून टाकतात किंवा त्या दिव्याला तिच्या आधीच्या बाजूने जोडून देतात. याने तसे केले नाही. शोध घेतल्यावर लक्षात आले, की पूर्वी कोणीतरी न्यूट्रल सापडत नाही म्हणून त्या दिव्याचा परतीचा प्रवाह थेट अर्थिंगच्या तारेत सोडला होता. दिवा वर्षानुवर्षे बिनतक्रार लागत होता. परंतु अर्थिंगची तार कुठे तुटली असती, तर तीच जोडणी त्याच अर्थिंगला जोडलेल्या गिझरच्या पत्र्यावर फेज घेऊन आली असती. म्हणजे आरसीसीबीत दोष नव्हता, ती आपले काम करत होती. त्या दिव्यासाठी छताजवळून केसिंग-कॅपिंगमधून (भिंतीवर बसवलेल्या झाकणाच्या पट्टीतून) स्वतंत्र न्यूट्रल आणला गेला. ते दिसायला सुंदर नाही, पण माझी त्याला हरकत नाही.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. स्विच, सॉकेट आणि तारा आयएसआय चिन्हाच्या व बिलासह आणल्या, खालच्या सॉकेटना लहान मुलांसाठी शटर असलेले प्रकार घेतले. चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर पडताळता येतो. मी तो पडताळला व तो बरोबर निघाला.

आता तक्रारी. स्वयंपाकघरात पाइप वाचवण्यासाठी भिंतीत तिरपी झिरी पाडली गेली. झिरी सरळ उभी किंवा आडवी असावी, म्हणजे पुढे खिळा मारणाऱ्याला बोर्डावरून तारेचा मार्ग ओळखता येतो. मी हटकल्यावर त्यांनी ती बुजवून नवी पाडली, पण न सांगता व्हायला हवे होते. प्लास्टरचा भुगा आणि तारांचे तुकडे आमच्याच माथी सोडून गेले, गवंडी वेगळा बोलवावा लागला. डीबीवर (सर्व एमसीबी असलेल्या पेटीवर) प्रत्येक एमसीबीचे नाव इंग्रजी आद्याक्षरांत पेनाने लिहिले होते. माझ्या सासूबाईंना मध्यरात्री कोणती कळ खाली करायची ते त्यावरून कसे कळावे? मराठी पट्ट्या मी स्वतः चिकटवल्या. अंदाजपत्रकात ‘पॉइंट’ म्हणजे काय ते स्पष्ट नव्हते. एकाच बोर्डावरचे दुसरे सॉकेट वेगळा पॉइंट धरले गेले, त्यामुळे बिल अपेक्षेपेक्षा वाढले. वाद घातला नाही, पण तुम्ही आधीच विचारून लिहून घ्या.

५०० व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) घेतलेल्या इन्सुलेशनच्या नोंदी त्याने अखेरीस सहीनिशी दिल्या, आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहण्यास सांगितले. काम पूर्ण म्हणण्याआधी त्याने इमारतीच्या अर्थिंगचा रोधही मोजला. तो हवा त्यापेक्षा बराच जास्त निघाला. अशा स्थितीतही ३० मिलिअँपियरची आरसीसीबी आमचे संरक्षण करील, परंतु ज्या शेजाऱ्यांकडे ती नाही त्यांच्याकडे फ्रिजच्या पत्र्यावर फेज आला तर एमसीबी पडेलच असे नाही, असे त्याने सोसायटीच्या नावे लेखी दिले. अर्थिंगचा जुना खड्डा जिन्याखालच्या फरशीत बुजलेला आहे. नवा खड्डा खणण्याचा खर्च कोणी करायचा, हा विषय सध्या समितीपुढे आहे.