मण्यांच्या प्राण्यांचं किट, आठ महिने वापरून झाल्यावर

गेल्या नोव्हेंबरात ऑनलाइन किट मागवलं होतं, घरच्या घरी मण्यांचे प्राणी विणून कानातले आणि ब्रोच करायचं, साडेसहाशेच्या आसपास पडलं. चोवीस रंगांचे मणी, दोन सुया, तंगूसाचं रीळ, कानातल्याचे हूक आणि डिझाइनचं छोटं पुस्तक. आल्या आल्याच लिहिणार होते पण म्हटलं आधी भरपूर वापरून बघू, आणि आता जुलै आला, सतरा जोड आणि चार ब्रोच करून झालेत, तेव्हा सगळं करून बघून सांगतेय.

काम अतिशय सुंदर आहे हे आधीच सांगते. पुस्तकातली वीण म्हणजे ब्रिक स्टिच, भिंतीत विटा रचतात तशी, दर रांग अर्ध्या मण्याने सरकलेली. प्राण्याच्या सगळ्यात रुंद रांगेपासून सुरू करायचं आणि वर जाताना मणी आपोआप एकेक कमी होत जातो, मग सुई खाली आणून उरलेलं अंग विणायचं. खरी गोम अशी की नवीन मणी घेतल्यावर सुई खालच्या मण्यात घालायचीच नाही, खालच्या दोन मण्यांच्या मधे दोऱ्याचा बारीकसा पूल असतो त्याच्या खालून काढायची आणि परत त्याच नव्या मण्यातून वर घ्यायची, ओढलं की मणी टक्कन उभा राहतो. मला पहिले दोन दिवस तो पूल दिसतच नव्हता, रात्री ट्यूबलाइटखाली डोळे दुखून यायचे, मग दुपारी गॅलरीत उन्हाकडे पाठ करून बसले आणि पहिल्याच मांजराचा कान जमला, इतका आनंद झाला मला!

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. मणी एकसारखे नाहीत. काही चपटे, काही जाडे, काहींचं भोक अर्धं बुजलेलं. नुसती माळ ओवायची तर चालून जातं पण प्राण्याचा चेहरा सहा-सात मण्यांचा असतो, त्यात एक जाडा आला की डोळा वर सरकतो आणि मांजर तिरळं दिसतं. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या लग्नाच्या रुखवतात मोत्यांचे पोपट केले होते, त्या माझी उसवाउसवी बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "अगं, तांदूळ निवडतेस तसे आधी मणी निवड ना." ताटात जुना टॉवेल पसरून दिला, त्यावर मणी घरंगळत नाहीत. निवडून एका पुडीतले जवळपास एक तृतीयांश मणी बाजूला पडले!

मग मी जपानी डेलिका मणी मागवले, ११ नंबरचे. दंडगोल असतात, भिंत पातळ आणि भोक मोठं, सुई तीन-चारदा आरामात जाते. महाग आहेत, पण एका ग्रॅममध्ये साधारण २०० बसतात आणि माझ्या एका कानातल्याला तेवढेही लागत नाहीत, म्हणजे दहा ग्रॅमची पुडी भरपूर पुरते. आणि मण्यांचं वजन ग्रॅमभरच, त्यामुळे दिवसभर घातले तरी कान ओघळत नाहीत.

तंगूसही बदला. ताणलं जातं हो ते, माझा हत्ती दीड-दोन महिन्यांत सैल पडून रांगांमधे फटी दिसायला लागल्या. फायरलाइन नावाचा दोरा येतो, मूळचा मासेमारीचा, सहा पाउंड ताण झेलणारा घेतला, तो ताणत नाही. टोकाला गम लावा असं पुस्तकात लिहिलंय ते अजिबात करू नका, भोकं बुजतात. टोक तीन-चार रांगांतून आडवंतिडवं फिरवून कापायचं.

गुलाबी आणि जांभळे मणी फिके झाले. आता मी नवीन रंग आला की चार मणी खिडकीत उन्हात ठेवते आणि चार डबीत, दोन-तीन आठवड्यांनी शेजारी ठेवून बघते. किटमधल्या हुकांनी मैत्रिणीच्या कानाला खाज सुटली, तेव्हापासून मी चांदीचेच हूक लावते. सुया, फेल्टचं जाड कापड, ब्रोचच्या पिना असलं सगळं पुण्याच्या बोहरी आळीत मिळालं, सकाळी लवकर जा, संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

बाकी पुस्तकातले प्राणी झाल्यावर मला आपल्या भीमाशंकरचा शेकरू करायचा होता. साध्या चौकटीच्या वहीवर काढला आणि विणला तर बुटका झाला, पोट सुटल्यासारखा. दोनदा उसवल्यावर लक्षात आलं की मणी चौकोनी नसतोच, डेलिका साधारण १.६ मिमी रुंद आणि १.३ उंच, म्हणजे रांगा बसक्या येतात. मग चित्रच उंच काढलं, उंचीला दहा चौकटी होत्या तिथे बारा केल्या, आणि शेकरू बरोबर आला. पाठ गडद तपकिरी-लालसर, पोट फिकट बदामी, शेपटीचं टोक फिकट. शेपटी तीन मण्यांची रुंद असल्यामुळे लोंबायची, मागून फेल्ट शिवलं आणि आतून २८ गेजची बारीक तार फिरवली तेव्हा कुठे ती वळून उभी राहिली. हा ब्रोच मी ऑफिसला लावून जाते आणि लिफ्टमध्ये अनोळखी माणसंसुद्धा विचारतात.

किट घ्यावं का, तर एक प्राणी करून आवडतंय का बघायला घ्या, त्या पुस्तकाने वीण नीट शिकवली मला. पण आवडलं की चोवीस रंगांच्या मोहात परत पडू नका, चारच रंग घ्या पण चांगले. आणि घरात लहान मूल असेल तर डबी वर कपाटात.

आता हरियाल, म्हणजे ते हिरवं कबूतर, घेतलाय विणायला. पोटाचा हिरवट राखाडी आणि छातीचा पिवळा मिळालाय, पायांचा पिवळा मात्र त्याहून गडद हवा, तसे चार मणी खिडकीत ठेवलेत.