माळ्यावरच्या राखणीला लेसर रेंजफाइंडर : आठ महिने वापरल्यानंतर

शेत आमचं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. वरच्या तुकड्यात भात, खाली ऊस आणि बांधापलीकडे लगेच रान. डुकरांचा कळप एका रात्रीत भात लोळवून जातो. गवा शिरला तर ऊसच आडवा. गेल्या मृगाच्या आधी राखणीसाठी लेसर रेंजफाइंडर, म्हणजे लांबच्या वस्तूचं अंतर मोजणारं यंत्र, घेतला.

परदेशात हे यंत्र लांबून शिकार करणारे वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि मला जनावर मारायचंही नाही, हाकलायचं आहे. त्यासाठी ते किती लांब आहे हे कळायला हवं. अंधारात अंदाज फार फसतो. भावाने "दोनशे मीटर तरी असेल" म्हटलेला गवा मोजला तर नव्वदवर होता, आणि भाऊ बॅटरी घेऊन खाली उतरायच्या बेतात होता! तेव्हापासून घरात नियम केलाय : गवा दीडशेच्या आत असला तर माळ्यावरून, म्हणजे राखणीच्या मचाणावरून, कुणी उतरायचं नाही, वरूनच डबे बडवायचे. एवढ्या एका गोष्टीसाठी मला पैसे वसूल वाटतात.

यंत्र न दिसणारा लेसरचा झोत सोडतं आणि तो आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतं. दीडशे मीटर जाऊन यायला एक मायक्रोसेकंद पुरतो. खोक्यावर हजार यार्ड लिहिलंय, पण ते चकचकीत वस्तूसाठी. काळपट अंगाच्या डुकरावर मला अडीचशे मीटरच्या पुढे आकडा क्वचितच मिळाला. आणि आधी सेटिंग यार्डवरून मीटरवर घ्या, १०० यार्ड म्हणजे ९१ मीटरच.

सगळ्यात मोठी अडचण रात्रीची. माझ्या यंत्रात डोळा लावून बघताना आकडे समोरच्या दृश्यावर काळे उमटतात. दिवसा छान दिसतात, पण अंधारात काळ्या झाडीवर काळा आकडा वाचणार कसा? भावाने जनावरावर बॅटरी मारायची, मग मी आकडा वाचायचा, तोवर डुकरं उसात गडप. लाल उजेडाचे आकडे असलेलं यंत्र महाग पडतं, तरी राखणीला तेच घ्या. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही.

आषाढ-श्रावणात तर यंत्र जवळजवळ पेटीतच होतं. धुक्यात झोत पाण्याच्या थेंबांवरच आपटतो आणि समोर काही नसताना पंधरा-वीस मीटर दाखवतो. उसाच्या पात्यांचंही तसंच. त्याला उपाय आहे : यंत्रातली गोल्फची पद्धत जवळची वस्तू धरते, शिकारीची पद्धत मधली पाती सोडून मागची. ती लावल्यावर उसापलीकडचं जनावर बऱ्याचदा मिळतं.

दिवसा सौर कुंपणाची तार मोजायला घेतलं, तिथे चुकलो. कोनाची सोय चालू राहिली होती. ती उतारावरचं अंतर सपाटीचं करून दाखवते. नेम धरणाऱ्याला ते हवं असतं, तारेला नको. आमच्या वीस अंशांच्या उतारावर शंभर मीटर तार लागते तिथे आकडा ९४ येतो. तार कमी पडली, पुन्हा बेळगावला जावं लागलं. कुंपणाचं निघालंच आहे तर हात जोडून सांगतो, तारेत घरची वीज सोडू नका. त्यात माणसंही मेली आहेत.

नुकसानीची जागा मोजायला मात्र टेपच बरी. दहा बाय दहा मीटर म्हणजे साधारण एक गुंठा. तेवढ्यात मीटरभराची चूकसुद्धा फार होते.

सेल सीआर२ लागतो. आमच्याकडे तो मिळाला नाही, बेळगावात कॅमेऱ्याच्या दुकानात मिळाला. पहिला ऐन सुगीत, भात कापायच्या आदल्या रात्री संपला होता. आता दोन जादा सेल माळ्यावरच्या डब्यात असतात.