आधी वकील, मग टोकन : शिवाजीनगरच्या एका वकीलबाईंच्या कामाविषयी

पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेताना बँकेच्या वकिलावर विसंबून न राहता स्वतःचा वकील लावावा, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्यांच्यामुळे झालं, त्या वकीलबाईंच्या कामाचा हा रिव्ह्यू. नाव देत नाही. वकिलांनी जाहिरात करायची नाही असा बार काउन्सिलचा नियम आहे आणि मॅडम तो काटेकोर पाळतात. शिवाजीनगर कोर्टाच्या जवळ त्यांचं छोटं ऑफिस आहे, एवढं पुरे.

मी सिंहगड रोडला शिवणकामाचं दुकान चालवते. कर्वेनगरच्या एका जुन्या सोसायटीतला टू बीएचके ६२ लाखांना ठरला होता, माझ्या एकटीच्या नावावर. एजंट रोज फोन करायचा, "टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." मॅडमनी आधी टोकनच्या पावतीत एक ओळ घालून घेतली : टायटल, म्हणजे मालकी हक्क, स्वच्छ निघालं नाही तर रक्कम पूर्ण परत. ही ओळ टाकायला एजंट कां-कूं करत होता, विकणाऱ्याने मात्र लगेच सही केली. माणूस सरळ होता, हे पुढेही दिसलं.

कागद पाहायला त्याने जे दिलं ते वरवर चोख होतं. बिल्डरशी झालेला मूळ करारनामा वडिलांच्या नावे, नोंदणी केलेला. वडील वारल्यावर सोसायटीने नॉमिनी म्हणून शेअर सर्टिफिकेट मुलाच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या, नावे केलेलं. प्रॉपर्टी टॅक्सची पावती, लाइट बिल, सगळं मुलाच्या नावावर. बहुतेक लोक इथेच थांबतात. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "वडिलांना मुलं किती?"

एक बहीण होती, मिरजेला. मृत्युपत्र नव्हतं, आई आधीच गेलेली. म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे फ्लॅट भाऊ आणि बहीण दोघांचा, निम्मा-निम्मा. नॉमिनी हा सोसायटीच्या दृष्टीने वारसांच्या वतीने फ्लॅट सांभाळणारा असतो, नॉमिनेशनमुळे तो मालक होत नाही. पालिकेच्या पावतीवर किंवा लाइट बिलावर नाव चढल्यानेही मालकी येत नाही. मी भावाकडून एकट्याकडून खरेदी केली असती, तर मला मिळाला असता त्याचा निम्मा हिस्सा आणि बहिणीशी दावा. भाऊ लबाड नव्हता. नॉमिनी म्हणजे मालक, असं त्याला खरोखरच वाटत होतं, आणि सोसायटीच्या कमिटीलाही.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. बहिणीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून द्यायचं, किंवा ती स्वतः विकणारी म्हणून खरेदीखतावर सही करणार. भावाला पहिली वाट सोयीची होती. मॅडमनी बहिणीला स्वतः फोन लावला, तिचा हिस्सा किती होतो ते स्पष्ट सांगितलं आणि म्हणाल्या, "ताई, घाई नाही, विचार करून कळवा." तिने दुसरी वाट निवडली. तिच्या हिश्शाचा चेक तिच्या नावाने निघाला. मॅडम माझ्या वकील होत्या, तिच्या नव्हत्या. तरी तिला अंधारात ठेवून माझं काम उरकलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

बाकीचं कामही तसंच. ३० वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे या फ्लॅटचे कोणते व्यवहार नोंदले गेले ते तपासलं. नोंदणी विभागाच्या साइटवरचा ई-सर्च फुकट आहे आणि कुणीही घरबसल्या करू शकतो, पण जुन्या वर्षांसाठी त्यांचा क्लार्क दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्सची पुस्तकं पाहून आला. वडिलांनी २०१४ साली फ्लॅट गहाण ठेवून कर्ज काढल्याची नोंद सापडली. २०१३ पासून असं गहाण बँकेत कागद ठेवून झालं तरी त्याची नोटीस नोंदणी कार्यालयात द्यावी लागते, म्हणून ते दिसलं. कर्ज फिटलेलं होतं. मॅडमनी बँकेचं नुसतं नो-ड्यूज पत्र मान्य केलं नाही, गहाण उतरवल्याची नोंद झाल्याचा कागद मागून घेतला. मराठी पेपरात जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत आली नाही. जमिनीचं मालमत्ता पत्रकही (प्रॉपर्टी कार्ड) काढलं. त्यावर सोसायटीचं नाव होतं, मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन कायद्याने सोसायटीच्या नावे होणं, झालेलं. इमारत उद्या रिडेव्हलपमेंटला गेली तर हे नाव फार महत्त्वाचं, कारण पुण्यात अशा कितीतरी सोसायट्या आहेत ज्यांच्या इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे.

पैशांचा हिशोब त्यांनी कागदावर मांडून दिला. पुणे शहरात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के. खरेदीदार फक्त बाई असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे मला ३,७२,००० रुपये, ६२,००० वाचले. कर्जात नवरा सहकर्जदार असला तरी खतावर त्याचं नाव घातलं नाही, नाहीतर सवलत गेली असती. शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यातलं जे जास्त त्यावर लागतं, हेही आधी तपासलं. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने मला विकणाऱ्यांच्या आयकरापोटी १ टक्का टीडीएस कापायचा होता, भाऊ-बहिणीच्या पॅनवर वेगवेगळा. हे एजंटच्या डोक्यातही नव्हतं.

नोंदणीच्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. सादरीकरण, फी, कबुली, ओळख असे चार टप्पे होतात आणि प्रत्येकाची वेळ दस्तावर छापून येते. कबुलीच्या वेळी बहिणीचा अंगठा मशीनवर उमटेना, शेतात काम करून रेषा झिजलेल्या. मागची रांग कुरकुरायला लागली. मॅडमनी तिचा हात ओल्या रुमालाने पुसून दिला, दुसरं बोट लावायला सांगितलं, आणि अधिकाऱ्याला शांतपणे म्हणाल्या की बहिणीने दस्त वाचला आहे का ते एकदा मराठीत विचारा. त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "वाचलाय, कबूल आहे." इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, हातात आला तेव्हा त्यात विकणारे म्हणून दोघांची नावं होती.

कमी कुठे वाटलं तेही लिहिते. सर्च रिपोर्ट इंग्रजीत आणि बोजड होता. मी मागितल्यावर त्यांनी मराठीत दोन पानांचा सारांश दिला, पण तो न मागता मिळायला हवा. दुपारी कोर्टात असल्या की फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतरच गाठ पडते. फी सर्च आणि रिपोर्टची १५,०००, खताच्या मसुद्याची वेगळी. आकडा आधी तोंडीच सांगतात, तो लिहून द्यावा असं मी त्यांना सांगितलं आहे. सोसायटीने फ्लॅट माझ्या नावे करण्याचा ट्रान्स्फर प्रीमियम म्हणून ४०,००० मागितले तेव्हा २५,००० ची सरकारी कमाल मर्यादा दाखवणारं पत्र मात्र त्यांनी जादा पैसे न घेता लिहून दिलं, आणि कमिटीने ते मान्य केलं.

नवीन बांधकामात महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर बरंच काही बघता येतं. रीसेल घेणाऱ्यांनी, त्यातही विकणाऱ्याला फ्लॅट वारशाने आला असेल त्यांनी, टोकनच्या आधी अशा वकिलाकडे जावं. जाताना मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन जा. पहिल्याच बैठकीत त्या हेच मागतात.